फरशीवरील जुने चिकटद्रव्य काढणे

फरशीवरील जुने चिकटद्रव्य काढणे म्हणजे जमिनीवर चिकटवलेली वस्तू निघून गेल्यानंतर किंवा चिकट पदार्थ सांडून वाळल्यानंतर मागे राहिलेला त्याचा थर, मूळ फरशीला इजा न होऊ देता, दूर करणे होय. चिकटवण्याच्या पदार्थांना शास्त्रीय मराठीत ‘आसंजक’ म्हणतात. व्यवहारात डिंक, खळ, सरस, गोंद, सोल्युशन अशी नावे रूढ आहेत आणि बऱ्याचदा ‘फेव्हिकॉल’ हे एका उत्पादनाचे नावच साऱ्यांसाठी वापरले जाते. हे काम वरवर क्षुल्लक वाटत असले तरी त्यात दोन मोठे धोके संभवतात : चुकीच्या रसायनाने फरशीची कायमची हानी, आणि ज्वालाग्राही द्रवांमुळे लागणारी आग. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, म्हणजे खानदेशात, चुनखडीच्या दगडी फरश्या सर्रास आढळतात आणि उन्हाळ्याचे तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. त्यामुळे तेथे या दोन्ही धोक्यांना विशेष महत्त्व आहे.

खानदेशातील फरश्या

खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत जमीन मातीची आणि शेणाने सारवलेली असे. अशा जमिनीवर काही सांडले तरी पुढच्या सारवणात ते नाहीसे होई. डागाचा प्रश्नच उद्भवत नसे. हा प्रश्न दगडी आणि सिमेंटच्या फरशीबरोबर आला.

या प्रदेशाचा बहुतेक भाग दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. हा दगड जोते, पायऱ्या आणि भिंतींसाठी चांगला. परंतु तो पातळ थरांत सुटत नसल्याने त्याच्या फरश्या सहज निघत नाहीत. त्यामुळे फरशीचा दगड बाहेरून आला. कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबाद परिसरातून करड्या रंगाची शहाबादी फरशी, राजस्थानातून हिरवट-निळसर कोटा, आंध्र प्रदेशातून काळा कडप्पा. हे तिन्ही दगड थराथरांच्या चुनखडकाचे आहेत, म्हणजे त्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे प्रमाण मोठे असते. संगमरवरही रासायनिक दृष्ट्या त्यांचाच भाऊबंद. मोझॅक टाइलमध्ये सिमेंटमध्ये संगमरवराचे बारीक तुकडे बसवून वरचा थर घासलेला असतो. सिमेंटचा साधा किंवा रंगीत कोबा हा चौथा प्रकार. अलीकडच्या घरांतून मात्र सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइल दिसतात. त्या भट्टीत भाजलेल्या असल्याने त्यांचा पृष्ठभाग जवळजवळ काचेसारखा असतो आणि आत द्रव मुरत नाही. त्यांचा दुबळा भाग म्हणजे दोन टाइलांमधील सिमेंटच्या सांधी.

चिकटद्रव्य काढताना पहिला प्रश्न ‘काय चिकटले आहे’ हा नसून ‘कशावर चिकटले आहे’ हा असावा, तो यामुळेच. जो उपाय व्हिट्रिफाइड टाइलवर निर्धोक आहे तोच शहाबादीवर डाग पाडतो.

अवशेष कोठून येतात

घरातील फरशीवर राहणाऱ्या चिकट अवशेषांचे सर्वांत मोठे कारण सुतारकाम हे आहे. सुतार फरशीवरच बसून सनमायका कापतो आणि रबरी चिकटद्रव्याने प्लायवूडला लावतो. त्या वेळी सांडलेले थेंब व फटकारे नंतर पिवळसर ठिपक्यांच्या रूपाने राहतात. रंगकामाच्या वेळी फरशी झाकण्यासाठी लावलेल्या चिकटपट्ट्या वेळेवर काढल्या नाहीत तर त्यांचा कागद निघतो आणि गोंद मागे राहतो. दुकाने व भाड्याच्या खोल्यांत फरशीवर लिनोलियम किंवा पीव्हीसीचा पट्टा चिकटवलेला असतो; तो उचलल्यावर पूर्ण खोलीभर चिकट थर निघतो. दिवाळीत उंबरठ्याजवळ लावलेली लक्ष्मीची पावले आणि रांगोळीची स्टिकरे, नव्या टाइलवरील कंपनीचे लेबल, न्हाणीघरात पडलेल्या टिकल्या ही आणखी काही नेहमीची उदाहरणे. २०२० मध्ये करोना साथीच्या काळात दुकाने व कार्यालयांतून अंतर दाखवणारी वर्तुळे आणि पावले फरशीवर चिकटवण्यात आली होती. त्यांचे गोल ठसे कित्येक ठिकाणी नंतरही दिसत राहिले.

दोन कारणे खास खानदेशी म्हणता येतील. जळगाव हे पीव्हीसी नळ आणि ठिबक सिंचन साहित्याच्या निर्मितीचे मोठे केंद्र आहे, आणि शेतकऱ्याच्या घरात नळ जोडण्याच्या सोल्युशनचा डबा हटकून असतो. या सोल्युशनात पीव्हीसी हे प्लॅस्टिकच तीव्र विद्रावकात विरघळवलेले असते. ओट्यावर किंवा पडवीत सांडलेला त्याचा थेंब वाळला की तेथे प्लॅस्टिकचा घट्ट पापुद्रा तयार होतो. दुसरे कारण केळीचा चीक. रावेर-यावल भागात घड कापल्यावर देठातून गळणारा हा चीक अर्थाने चिकटद्रव्य नाही, पण तो हवेत तपकिरी-काळा होतो आणि कपड्याप्रमाणेच सच्छिद्र फरशीवरही टिकाऊ डाग पाडतो. तो ओला असतानाच भरपूर पाण्याने धुणे हाच त्यावरचा खरा उपाय; वाळल्यावर उरतो तो चिकटपणा नव्हे, रंग.

घर झाडण्या-धुण्याचे खानदेशातील दोन प्रसंग ठरलेले आहेत. एक वैशाखातील आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आणि दुसरा श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसणारी कानबाई. कानबाईच्या आधी घराची रंगरंगोटी होते, एकूण एक भांडे घासले जाते आणि फरशीवरचे जुने डाग तेव्हाच डोळ्यांत येतात. यांपैकी आखाजी ऐन उन्हाळ्यात येते, ही गोष्ट पुढे आगीच्या संदर्भात लक्षात घ्यावी लागते.

चिकटद्रव्यांचे प्रकार

जुन्या काळची चिकटद्रव्ये वनस्पती आणि प्राण्यांपासून मिळत. कणकेची किंवा साबुदाण्याची खळ, बाभळीचा आणि सातपुड्यातील धावड्याचा डिंक, जनावरांच्या हाडा-कातड्यांपासून केलेला सरस. हे सारे पाण्यात मऊ होतात. गरम पाण्यात भिजवलेले फडके अर्धा तास ठेवले की ते सुटतात आणि फरशीला कसलीही बाधा होत नाही.

पांढरे सुतारी चिकटद्रव्य हे पॉलिव्हिनाइल अ‍ॅसिटेट या बहुवारिकाचे पाण्यातील दुधाळ मिश्रण असते. भारतात ‘फेव्हिकॉल’ या नावाने ते १९५९ मध्ये बलवंत पारेख यांनी बाजारात आणले आणि घराघरांतील सरसाची जागा घेतली. ओले असताना ते पाण्याने पुसले जाते. वाळल्यावर पाण्यात पूर्ण विरघळत नाही, परंतु कोमट पाण्याने फुगून पांढरे व मऊ पडते आणि मग खरवडता येते. अल्कोहोलनेही ते सैल होते.

सनमायकाचे पिवळे रबरी चिकटद्रव्य वेगळ्या जातीचे आहे. त्यात बहुधा क्लोरोप्रीन हे कृत्रिम रबर टोल्यूइनसारख्या विद्रावकात मिसळलेले असते. हे रबर मुळात तेलाला दाद न देण्याच्या गुणासाठी प्रसिद्ध आहे. गोडेतेल किंवा रॉकेल लावून त्याचा थर फार तर फुगतो, विरघळत नाही. त्याला थिनर लागतो. याउलट स्टिकर आणि चिकटपट्टीवरचा गोंद साधे रबर व राळेचा, किंवा अ‍ॅक्रिलिक जातीचा असतो. त्यातला रबर व राळेचा गोंद तेलाने चांगला सैल होतो. एका घरी खोबरेल तेलाने डाग गेला आणि शेजारच्या घरी तोच उपाय फसला, असे जे वारंवार ऐकू येते त्याचे कारण बहुधा या फरकात असते.

‘फेव्हिक्विक’सारखे क्षणात चिकटणारे द्रव्य सायनोअ‍ॅक्रिलेट वर्गातील आहे. ते अ‍ॅसिटोनमध्ये, म्हणजे नखांचा रंग काढण्याच्या अनेक द्रवांतील मुख्य घटकात, मऊ पडते. या द्रव्याबाबत एक सावधगिरी कापसाच्या मुलखात मुद्दाम सांगण्याजोगी आहे : ओले सायनोअ‍ॅक्रिलेट कापसाच्या बोळ्याने किंवा सुती चिंधीने पुसू नये. कापसाशी त्याची अभिक्रिया होऊन इतकी उष्णता निर्माण होते की बोट भाजते आणि प्रसंगी धूरही निघतो.

दोन नळ्यांतून येणारे इपॉक्सी एकदा कठीण झाले की घरगुती विद्रावकांना जुमानत नाही. ते उष्णतेने थोडे मऊ करून पटाशीने उडवावे लागते. काही जुन्या इमारतींत लिनोलियमखाली काळे डांबरी चिकटद्रव्य आढळते. ते टर्पेंटाइनमध्ये सहज विरघळते, आणि नेमकी हीच अडचण आहे. विरघळलेले डांबर दगडाच्या छिद्रांत उतरते व छोट्या डागाचे मोठे काळे वर्तुळ होते. म्हणून ते बर्फाने कडक करून, कोरडे असतानाच तुकड्यातुकड्याने काढणे इष्ट असते.

लिनोलियमविषयी थोडे अवांतर. आज या नावाने विकला जाणारा बहुतेक माल पीव्हीसीचा असतो. मूळ लिनोलियमचे एकस्व इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टन यांनी १८६३ मध्ये घेतले आणि ते जवसाच्या तेलापासून बनत असे. तेलाचे लॅटिन नावच त्याच्या नावात दडले आहे. पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या मध्यात बसवलेल्या काही व्हायनिल टाइलांत आणि त्यांखालच्या काळ्या चिकटद्रव्यात अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू असत. त्यामुळे तेथे असा थर कोरडा घासण्यास मनाई केली जाते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनी जुने घर घेतल्यास ही बाब आधी तपासून घ्यावी.

अवशेष जुना झाला म्हणजे काय होते

ताजे चिकटद्रव्य सहज निघते आणि जुने निघत नाही याची कारणे रासायनिक आहेत. रबर आणि राळ यांच्या मिश्रणावर हवेतील प्राणवायूची क्रिया होत राहते. पहिल्या टप्प्यात लांब रेणू तुटतात आणि गोंद पातळ, तारा सुटणारा व चिकचिकीत होतो; याच काळात तो दगडाच्या छिद्रांत मुरतो. पुढे रेणूंमध्ये आडवे बंध तयार होतात, मऊपणा देणारे घटक उडून जातात आणि थर पिवळा, नंतर तपकिरी व ठिसूळ होतो. या शेवटच्या अवस्थेत विद्रावक त्यात शिरत नाही, पण ठिसूळपणामुळे तो यांत्रिक रीतीने सुटू शकतो. उष्णतेने या सर्व क्रिया झपाट्याने होतात. पत्र्याखालच्या खोलीत किंवा पश्चिमेच्या दारापुढे, जेथे दुपारचे ऊन थेट फरशीवर येते, तेथे एका उन्हाळ्यात जे घडते ते माजघरात कित्येक वर्षांत घडत नाही.

जुन्या पोथ्या सांभाळणाऱ्यांना हा अनुभव चांगला परिचित आहे. धुळ्यात इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांच्या नावाचे संशोधन मंडळ आणि शंकर श्रीकृष्ण देव यांनी उभारलेले समर्थ वाग्देवता मंदिर या संस्थांनी हस्तलिखितांचा मोठा संग्रह जपला आहे. हस्तलिखितांच्या जतनशास्त्राचा सर्वमान्य नियम असा की फाटलेल्या पानाला पारदर्शक चिकटपट्टी लावू नये, पिठाची खळ वापरावी; कारण खळ शंभर वर्षांनीही पाण्याने सोडवता येते, पट्टीचा गोंद मात्र कागदात मुरून कायमचा तपकिरी पट्टा ठेवतो. फरशीच्या बाबतीतही जे चिकटवायचे ते पुढे सोडवता येईल की नाही, हा विचार आधीच केला तर बरेचसे कष्ट वाचतात.

काढण्याची रीत

कोणताही उपाय प्रथम कपाटाखाली किंवा कोपऱ्यात, रुपयाएवढ्या जागेवर करून पाहावा आणि जागा पूर्ण वाळल्यावर तिचा रंग व चकाकी तपासावी. ओल्या फरशीवर सगळेच ठीक दिसते. त्यानंतर सौम्य उपायाकडून तीव्र उपायाकडे जावे.

आरंभ कोरड्या खरवडण्याने होतो. रंगाऱ्याची पुट्टीची पट्टी, जुने प्लॅस्टिकचे एटीएम कार्ड किंवा लाकडी उलथने ही साधने पुरतात. खानदेशात उलथन्याला सराटा म्हणतात. लोखंडी सराटा मात्र संगमरवर व कोटा यांच्यावर ओरखडे उठवतो, तो टाळावा. पट्टी फरशीशी अगदी लहान कोनात, जवळजवळ निजवून धरावी व पुढे ढकलावी. उभी धरल्यास गोंद निघत नाही, फरशी मात्र खरचटते. रबरी चिकटद्रव्याचा थर फार जुना नसेल तर त्याच द्रव्याची वाळलेली गोळी त्यावर खोडरबराप्रमाणे घासली असता तो वळकट्या होऊन निघतो. सुतार ही युक्ती नेहमी वापरतात.

तापमानाचा उपयोग दोन्ही दिशांनी करता येतो. केस वाळवण्याच्या यंत्राची गरम हवा किंवा गरम पाण्यात पिळलेले फडके ठेवल्यास गोंद मऊ होतो आणि पट्टी सलग उचलता येते. दुतर्फी फोमच्या पट्टीला ही रीत विशेष लागू पडते. मऊ झाल्यावर खालून नायलॉनचा दोरा करवतीसारखा ओढत न्यावा. उलटपक्षी बर्फाने गोंद कडक होऊन टिचतो. मेण, च्युइंगम आणि डांबर यांना थंडीच मानवते. धुळ्यात पौष-माघातील पहाट एवढी गारठलेली असते की तेव्हा उघड्या ओट्यावरचा असा थर बर्फावाचूनही तडकतो, आणि तोच मे महिन्यात बोटाला चिकटून तारा सोडतो. निकड नसल्यास ऋतू पाहून काम करण्यात शहाणपण आहे.

त्यानंतर पाणी आणि साबण. भांडी घासण्याच्या साबणाचे कोमट द्रावण डागावर ओतून न देता त्यात भिजवलेले जाड फडके डागावर पसरावे आणि वर प्लॅस्टिकचा कागद झाकावा. खानदेशातील कोरड्या हवेत उघडे फडके पाऊण तासात वाळून जाते आणि मेहनत फुकट जाते. विंधन विहिरीचे पाणी अनेक गावांत जड असते. त्यात साध्या साबणाला फेस येत नाही व वर पांढुरकी साय जमते. अशा ठिकाणी द्रवरूप साबण किंवा साठवलेले पावसाचे पाणी बरे.

स्टिकरच्या गोंदासाठी तेल हा जुना, स्वस्त आणि धूर-वासाविना चालणारा उपाय आहे. शेंगदाणा, सरकी, खोबरेल यांपैकी कोणतेही तेल चालते. निलगिरीचे तेल अधिक प्रभावी ठरते. तेलाच्या बाबतीत खानदेश स्वयंपूर्ण आहे असे म्हणण्यास हरकत नाही. अमळनेर येथे १९४५ मध्ये स्थापन झालेला वनस्पती तुपाचा कारखाना, जो पुढे ‘विप्रो’ या नावाने जगाला ठाऊक झाला, तो तेलबियांच्या याच मुलखात उभा राहिला आणि तेथे कपडे धुण्याचा साबणही बनत असे. तेल लावून अर्ध्या तासाने गोंद खरवडून काढावा आणि जागा साबणाने दोनदा धुवावी, नाहीतर फरशीवरून घसरून पडण्याचा, विशेषतः वृद्धांना, मोठा धोका असतो. हा उपाय फक्त सिरॅमिक, व्हिट्रिफाइड आणि चांगल्या पॉलिशच्या ग्रॅनाइटवर करावा. शहाबादी, कोबा व जुना कोटा तेल पितात. गोंद जातो आणि त्याच्या जागी तेलाचा काळपट डाग बसतो.

सच्छिद्र दगडात मुरलेल्या गोंदासाठी पोटिसाची पद्धत वापरली जाते. खडूची पूड किंवा मुलतानी माती योग्य त्या विद्रावकात कालवून दह्यासारखा घट्ट लेप करतात, तो डागावर बोटभर जाड देऊन प्लॅस्टिकने झाकतात आणि दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिक काढून लेप वाळू देतात. विद्रावक गोंदाला विरघळवतो आणि वाळताना पूड त्याला वर शोषून घेते. नुसत्या चिंधीने पुसल्यास विरघळलेला गोंद पसरतो. लेपाने तो दगडातून बाहेर येतो. एका वेळेस डाग पूर्ण जाईल अशी अपेक्षा ठेवू नये. दोन-तीन वेळा लेप द्यावा लागतो.

पीव्हीसी सोल्युशनचा पापुद्रा गुळगुळीत टाइलवरून पट्टीने सुटतो. कोब्यावरचा मात्र बहुधा सिमेंटचा कण घेऊनच निघतो.

सर्व उपाय थकल्यावर कोटा, शहाबादी आणि मोझॅक यांना यंत्राने घासून नवे पॉलिश करणे हा मार्ग उरतो. त्यात फरशीचा वरचा अगदी पातळ थरच काढला जातो. खर्च व चिखल दोन्ही मोठे असले, तरी पूर्ण खोलीभर लिनोलियमचा गोंद असल्यास गुडघ्यावर बसून महिनाभर खरवडण्यापेक्षा हाच पर्याय अधिक व्यवहार्य ठरतो. टाइलला हा मार्ग नाही. तिची झिलई गेली की गेलीच.

आम्लाविषयी गैरसमज

‘कशानेही न निघणारा डाग अ‍ॅसिडने निघतो’ ही समजूत खानदेशातच नव्हे, सर्वत्र आढळते. फरशीच्या कामासाठी विकले जाणारे अ‍ॅसिड म्हणजे बहुधा सौम्य केलेले हायड्रोक्लोरिक आम्ल. ते सिमेंटचे डाग आणि क्षारांचा थर काढते, यात शंका नाही. पण रबर, अ‍ॅक्रिलिक किंवा इपॉक्सी यांच्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. मग शहाबादीवर अ‍ॅसिड टाकल्यावर गोंद सुटलेला दिसतो तो कसा? आम्ल कॅल्शियम कार्बोनेटवर क्रिया करते, फसफसून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि गोंदाखालचा दगडच विरघळतो. गोंद निघत नाही, तो ज्या पृष्ठभागाला धरून होता तो नाहीसा होतो. ओली असताना जागा स्वच्छ दिसते. वाळल्यावर तेथे पांढुरका, खडबडीत खळगा उरतो, त्यात पुढे धूळ भरते आणि डाग पूर्वीपेक्षा ठळक होतो. ही हानी कोणत्याही साबणाने वा मेणाने भरून येत नाही.

लिंबू, व्हिनेगर आणि चिंच हीदेखील आम्लेच आहेत. घरगुती असल्यामुळे ती निरुपद्रवी मानली जातात, परंतु संगमरवर व कोटा यांची चकाकी तीही घालवतात. व्हिट्रिफाइड टाइलला त्यांचे भय नाही, तिच्या सांधींना आहे.

आम्ल आणि ब्लिचिंग पावडर किंवा तत्सम द्रव एकत्र आल्यास क्लोरिन हा विषारी वायू सुटतो. बंद न्हाणीघरात तो प्राणघातक ठरू शकतो. आम्लहल्ल्यांच्या संदर्भात सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध घातले. विक्रेत्याने खरेदीदाराची नोंद ठेवणे व ओळखपत्र पाहणे बंधनकारक आहे. तरीही बिनलेबलाच्या बाटलीतून ते मिळत असेल, तर ते घेऊ नये.

उन्हाळा, वाफ आणि आग

ज्या किमान तापमानाला एखाद्या द्रवाची वाफ ज्वाला किंवा ठिणगी लागताच पेट घेते त्याला त्या द्रवाचा प्रज्वलनांक म्हणतात. पेट्रोलचा प्रज्वलनांक शून्याखाली सुमारे ४० अंश, अ‍ॅसिटोनचा शून्याखाली २० अंशांच्या आसपास आणि टोल्यूइनचा सुमारे ४ अंश असतो. म्हणजे हे द्रव कोणत्याही ऋतूत, कोणत्याही खोलीत पेट घेण्याच्या स्थितीत असतात. पेट्रोलने फरशी पुसणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय नाही.

रॉकेल आणि टर्पेंटाइन यांची गोष्ट निराळी, आणि म्हणूनच फसवी आहे. रॉकेलचा प्रज्वलनांक ३८ अंशांच्या आसपास किंवा थोडा वर असतो, टर्पेंटाइनचा साधारण ३५ अंश. थंड प्रदेशात फरशीवर सांडलेले रॉकेल काडी लावल्याने सहसा एकदम भडकत नाही, आणि ‘रॉकेल पेट्रोलसारखे धोक्याचे नाही’ हा अनुभव तेथे खरा ठरतो. जळगाव-भुसावळ भागात वैशाखातल्या दुपारी पत्र्याच्या खोलीतील हवा आणि फरशी दोन्ही ४० अंशांच्या वर असतात. त्या तापमानाला रॉकेलही पेट्रोलच्या पंगतीत जाऊन बसते. आखाजीच्या साफसफाईत रॉकेलने फरशी पुसणे धोक्याचे आहे ते यामुळे.

या सर्व द्रवांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर निघून न जाता फरशीलगत पसरते, उंबरठा ओलांडून शेजारच्या खोलीत जाते. देवघरातील समई किंवा नंदादीप, फ्रिजच्या मागील बाजूची ठिणगी, जमिनीवर ठेवलेली शेगडी हे सर्व तिच्याच पातळीवर असतात. काम करणारी व्यक्ती उभी असल्यास तिला वास कमी येतो, आणि धोका नाही असे वाटते. रांगणारे मूल मात्र त्याच थरात श्वास घेत असते.

म्हणून विद्रावक वापरायचाच असल्यास पहाटेची किंवा सकाळची वेळ निवडावी, दोन्ही बाजूंची दारे-खिडक्या उघडावीत, दिवा, गॅस व विजेची उपकरणे आधीच बंद करावीत आणि बाटलीतून फरशीवर न ओतता फडक्यावर थोडासा द्रव घेऊन काम करावे. थिनर किंवा अ‍ॅसिटोनने हाताची कातडी कोरडी पडून फुटते. रबरी हातमोजे घालणे योग्य, पण साधे पातळ मोजे थिनरने फुगतात हेही ध्यानात असावे. डोके जड होणे, मळमळणे, चक्कर येणे ही टोल्यूइनची वाफ जास्त झाल्याची खूण आहे. अशा वेळी काम सोडून मोकळ्या हवेत जावे.

उरलेले रॉकेल वा थिनर पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत कधीही ठेवू नये. उन्हाळ्यात तहानलेल्या मुलांनी अशा बाटलीतून घोट घेण्याचे अपघात दवाखान्यांना नवे नाहीत. असे झाल्यास मुलाला ओकारी करवू नये. ओकताना द्रव फुप्फुसांत जातो आणि पोटापेक्षा तेथे तो कितीतरी अधिक घातक असतो. बाटलीसह तत्काळ रुग्णालय गाठावे.

चिंध्या आणि सांडपाणी

विद्रावकाने भिजलेल्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकल्या जातात, तेही जोखमीचे आहे. जवसाच्या तेलाने आणि टर्पेंटाइनने माखलेल्या चिंध्या हवेशी होणाऱ्या क्रियेने आतल्या आत तापतात आणि काडी न लावताही पेटू शकतात. त्या उघड्यावर, एकेक सुटी करून, सावलीत वाळवाव्यात आणि नंतरच कचऱ्यात द्याव्यात. खरवडलेला गोंद कागदात गुंडाळून कोरड्या कचऱ्यात टाकावा. थिनर किंवा रॉकेलमिश्रित पाणी न्हाणीच्या मोरीत ओतल्यास त्याची वाफ नळीत साचते, सेप्टिक टाकीतील जीवाणू मरतात, आणि उघड्या गटारातून ते पाणी शेवटी धुळ्यात पांझरेला व जळगावकडे गिरणेला जाऊन मिळते.